डोंगर चढणारी धूळ

माझ्या सासूबाई आल्यागेल्याला माझ्या नोकरीची ओळख एका दमात करून देत. "घरची धूळ झाडाले हिले टाइम नाई, अन् डोंगरावरची धूळ गोया कराले सरकार हिले पगार देते." एवढं म्हणून त्या पाहुण्याच्या तोंडाकडे बघत. पाहुणा हसला तर ठीक, नाही हसला तर तेच पुन्हा जरा मोठ्यानं. निवृत्त होऊन आता मला बरीच वर्षं झाली, पण माझ्या कामाचं याहून नेमकं वर्णन मला अजून सुचलेलं नाही.

मी मूळची साकोलीची. बी.एस्सी. झाले आणि सत्तरच्या दशकात नागपूरच्या एका संशोधन केंद्रात प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले. मुलाखतीत रसायनशास्त्राचा एकच प्रश्न विचारला, तोही सोपा. दुसरा प्रश्न होता, "डोंगर चढता येतो का?" मला वाटलं, साहेब गंमत करतात. मी "हो" म्हटलं, आणि पुढची सगळी वर्षं ते "हो" माझ्या गुडघ्यांनी निस्तरलं.

आमचे साहेब म्हणजे गोडबोले सर, पुण्याचे. शिडशिडीत, कायम हसतमुख, आणि डोक्यात एकच भुंगा. हिमालयातल्या उंच शिखरांवरच्या बर्फात काजळी सापडते, फुलांचे परागकण सापडतात, वाळवंटातली मातीसुद्धा सापडते. तिथं ना कुणाची चूल, ना गिरणी, ना शेत. मग हे सगळं तिथं चढतं कसं? आता हा प्रश्न सोडवायचा तर हिमालयात जायला हवं. तेवढं बजेट केंद्राकडे नव्हतं. म्हणून सरांनी नकाशा पसरला, बोट फिरवलं आणि आमच्या भंडारा जिल्ह्यातला एक डोंगर निवडला. सह्याद्रीतला माणूस त्याला टेकाड म्हणेल. पण आम्ही धानाच्या बांध्यांत वाढलेली माणसं. आमच्याकडे बांधाहून उंच जे काही असेल ते डोंगरच.

सरांना तो आवडला त्याचं कारण निराळं होतं. त्याच्या मावळतीच्या अंगाला मँगनीजची खाण होती, उगवतीला गाव आणि गावाचा मोठा तलाव. माथ्यावर डोंगरमाय या देवीचं ठाणं, बाकी काही नाही. म्हणजे माथ्यावर जे काळं सापडेल ते खालूनच आलेलं असणार, हे उघड. "हिमालयाची धाकटी बहीण आहे ही," सर म्हणाले. बहिणीच्या पायऱ्या मात्र थोरलीला शोभतील अशा होत्या.

वाचकांना वाटेल, धूळ गोळा करायला काय मोठी यंत्रं लागत असतील. लागतात, पण त्यांना वीज लागते, आणि डोंगरमायकडे तेलाचा दिवा होता. म्हणून आमची हत्यारं दोनच. एक, रुंद तोंडाची काचेची बरणी, तिच्यात स्वच्छ पाणी. उघड्यावर महिनाभर ठेवायची, पडलेली धूळ पाण्यात बसते, मग पाणी आटवून ती तोलायची. दुसरं, काचेची पट्टी, तिच्यावर व्हॅसलीनचा पातळ हात. उडत आलेला कण तिला चिकटतो. पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली की कण आपलं गाव सांगतो. खाणीची धूळ काळी, चमकदार, धारेची. धानाच्या कोंड्याची राख जाळीदार. चुलीची काजळी गोळ्यागोळ्यांची. परागकण तर असे देखणे की बघत बसावं.

आणि कोण किती लांब जातं, हे आमच्याकडच्या कोणत्याही बाईला ठाऊक असतं. खळ्यावर वाऱ्यात धान उफणताना भरीव दाणा पायाशी पडतो, पोचट जरा पलीकडे, भुसा त्याच्याही पलीकडे, आणि सगळ्यात बारीक फुफाटा जातो तो थेट शेजारणीच्या वाळवणावर. भांडण होतं ते त्या शेवटच्या मालावरून. माझी सगळी नोकरी त्या शेवटच्या मालावर चालली.

सुरुवात मात्र आम्ही झोकात केली. माथ्यावर ठेवलेल्या पहिल्याच बरणीत महिन्याअखेर लाल धूळ निघाली. लालभडक. मी तर हरखून गेले. राजस्थानच्या वाळवंटातून वाऱ्यावर बसून एवढ्या लांब आलेली माती! नागपूरला जाईपर्यंत बरणी मांडीवरून खाली ठेवली नाही. सरांनी झाकण काढलं, वास घेतला, चमच्यानं तळातला एक तुकडा बाहेर काढला आणि अगदी शांतपणे विचारलं, "बाई, राजस्थानात खोबरं पिकतं का हो?"

भाविकांनी बरणीची पूजा केली होती. डोंगरमायच्या शेजारी सरकारी माणसांनी आणून ठेवलेली काचेची वस्तू, आत निर्मळ पाणी, जवळ कोणी जायचं नाही अशी पाटी. देव व्हायला आणखी काय लागतं? हळद, कुंकू, खोबरं, सगळं रीतसर वाहिलं होतं. मग मी बरणी ठाण्यापासून लांब, उघड्या कातळावर हलवली. तिथं माकडं पाणी प्यायला लागली. बरणीवर जाळी बसवली, तर त्यांनी जाळी नेली. या सगळ्यातून मला वाचवलं ते सोमाजीबुवांनी.

सोमाजीबुवा जातीचे ढीवर. घरच्यांचा धंदा तलावात जाळं टाकायचा, पण हे तरुणपणी खाणीत लागले आणि जन्मभर खडकाला भोकं पाडणारं मशीन चालवलं. शेवटी छातीनं दगा दिला. खोकला असा की ऐकणाऱ्यानं आपली छाती धरावी. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, चांगल्या हवेत राहा. बुवांनी मान वर करून पाहिलं, गावात सगळ्यात वर काय आहे? डोंगरमाय. घोंगडी उचलली आणि जाऊन राहिले. ठाणं झाडायचं, दिवा लावायचा. लोक आपोआप बुवा म्हणायला लागले. माझी बरणी राखायची, पट्ट्या वेळच्या वेळी बदलायच्या, हे काम त्यांनी मोठ्या आनंदानं घेतलं. आनंदाचं कारण मला नंतर कळलं.

कारण होतं त्यांची बायको, भागरतामावशी. ती गावात राहायची, तलावाचे मासे विकायची, आणि रोज दुपारी बुवांचं जेवण घेऊन डोंगर चढायची. जेवण सोवळं, कारण ठाण्यावर मासे चालत नाहीत. पहिल्याच भेटीत तिनं मला बाजूला घेतलं.

"बाई, तुमी हवा तपासून राहिल्या म्हणे?"

"हो मावशी."

"मंग आमच्या बुढ्याले सांगा ना, वरची हवा काई कामाची नाई म्हणून. रोज मी भाकर घेऊन येतो, तवा खोकलत बसला रायते. अन् म्हणते काय, वर मले बरं वाटते. बरं वाटते तं खोकलते काहून?"

बुवा लांबूनच म्हणाले, "तू आली का खोकला येते मले."

"पाहा," मावशी म्हणाली. "असं बोलते हा माणूस."

पुढं बुवांनी मला आपली बाजू सांगितली. खाली घरी रात्र काढली की श्वास कोंडतो, छातीवर कोणी बसल्यासारखं होतं, पहाटेपर्यंत उठून बसावं लागतं. वर आलं की रात्री गाढ झोप. "पर थे आयकत नाई," ते म्हणाले. "तिले वाटते मी तिले सोडून आलो. आता माणूस या वयात बायको सोडून जाईन, तं डोंगरावर काहून जाईन जी? तुमसरले नाई जाणार?"

थोडक्यात मामला असा होता: दोघांनाही एकमेकांजवळ राहायचं होतं, दोघांनाही बुवांचा श्वास टिकवायचा होता, आणि दोघांपैकी एक चुकत होतं. कोण, ते माझी बरणी सांगणार. सासूबाईंना नसेल, पण त्या दोघांना माझ्या धुळीची फार किंमत होती.

त्याच वर्षी हिवाळ्यात सरांनी नवा हुकूम काढला. दिवसाची पट्टी वेगळी, रात्रीची वेगळी, सकाळ-संध्याकाळ बदलायची. एक जोडी माथ्यावर, एक गावात. गावातली कुठं ठेवायची? मावशी म्हणाली, माह्या कवेलूवर ठेवा. बदलायचं काम तिच्याकडेच देऊन तिच्या छपराच्या कौलांवर ठेवली.

पहिला आठवडा संपला, मी पट्ट्या नागपूरला नेल्या. माथ्यावरच्या दिवसाच्या पट्ट्या आश्चर्यकारक स्वच्छ. मात्र सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येकीवर सुताचे बारीक धागे, सगळे एकाच दिशेनं ओढल्यासारखे. दुसऱ्या आठवड्यात उलट तऱ्हा. माथ्यावरच्या दोन पट्ट्या राखेनं माखलेल्या, साध्या डोळ्यांना दिसावी अशी जाड राख. आणि एका राखेत काहीतरी चमकत होतं. सर बराच वेळ डोळा लावून बसले. मग उठले, चष्मा पुसला आणि मला म्हणाले, "बाई, बघा जरा. तुमच्या जिल्ह्यात मासे डोंगर चढायला लागलेत का?"

माशाचं खवलं होतं ते. देवीच्या ठाण्यावर, जिथं माशाचं नाव काढायची बंदी.

मी तशीच बस धरली. डोंगर चढले तर दोघं ठाण्यासमोर बसलेली. बुवा जेवत होते, मावशी वाढत होती. मी धाग्यांची आणि राखेची, दोन्ही पट्ट्या त्यांच्यापुढं ठेवल्या. बुवांनी धोतराचा सोगा हळूच मागं सारला. त्या सोग्यानंच ते दिवसभराची पट्टी पुसून ठेवत होते, वरची हवा निर्मळ ठरावी म्हणून. आणि मावशी भाकरीबरोबर पदराच्या गाठीत चुलीची राख आणून, बुवा हात धुवायला गेले की काढून ठेवलेल्या पट्टीवर शिंपडत होती. खवलं कसं आलं म्हणाल तर सकाळी मासे विकणाऱ्या बाईच्या पदराला दुसरं काय असणार?

"तू राख टाकत होती?" बुवा चकित.

"अन् तुमी पुसत होता?" मावशीही चकित.

दोघंही एकमेकांवर इतकी चिडली की माझ्यावर चिडायचं राहूनच गेलं. शेवटी मी म्हटलं, शास्त्र वगैरे मला सांगायचं नाही, पण ही पट्टी तुमची साक्षीदार आहे. साक्षीदाराला फितवलं तर न्याय कसा होणार? ते पटलं. कोर्टकचेरीची भाषा आमच्याकडे लवकर पटते. दोघांनी डोंगरमायसमोर हात जोडून शब्द दिला: हिवाळाभर पट्टीला हात लावायचा नाही, आणि शेवटी बाई जे सांगतील ते मानायचं. इतके दिवस मी धूळ तोलत होते. आता तिच्यावर एका माणसाचा श्वास आणि एका बाईचा संसार येऊन बसला होता.

त्या हिवाळ्यात मी मन लावून काम केलं. वारा कुठून कुठं जातो हे बघायला सरांनी एक स्वस्त युक्ती शिकवली होती, उदबत्ती लावायची आणि धूर बघायचा. मी पायऱ्यांवर ठिकठिकाणी उदबत्त्या खोचत हिंडायची. गावात बातमी पसरली की धुळीवाल्या बाईंना मूलबाळ व्हावं म्हणून त्यांनी डोंगरमायला नवस केलाय. बातमी आमच्या घरापर्यंत पोचली, पण सासूबाईंनी तिचं खंडन केलं नाही.

धूर काय सांगत होता? उन्हं चढली की डोंगराचं अंग तापतं. अंगालगतची हवा तापून हलकी होते आणि उताराला धरून वर सरकते, मागून खालची हवा येते. वर जाताना ती रिकाम्या हातानं जात नाही. मावळतीच्या बाजूनं खाणीची बारीक धूळ घेऊन ती दुपारी माथ्यावर पोचते. सूर्य कलला की डोंगर निवतो, हवा जड होते आणि घरंगळत खाली उतरते. त्या गावाची जागा म्हणजे खोलगट परात. ती थंड हवा तलावाकाठी येऊन बसते ती हलतच नाही. आणि नेमकी तेव्हाच गावातली प्रत्येक चूल पेटलेली असते. धूर वर जाऊ शकत नाही, पसरतो आणि कवेलूंच्या उंचीवर झाकणासारखा राहतो. सकाळी ऊन आलं की झाकण उचललं जातं.

हिमालयातही याच रीतीनं धूळ चढते, फक्त जिना मोठा, असं सर म्हणायचे. आणि वर पोचलेल्या धुळीला तिथून लांबच्या प्रवासाची गाडी मिळते. आमच्या डोंगरावरही एका मे महिन्यात खरोखरीची पिवळी, पिठासारखी माती येऊन पडली, वरच्या वरून, कुठल्याशा वाळवंटातून. या वेळी मी आधी वास घेतला. खोबऱ्याचा नव्हता.

हिवाळा सरला. मोहाच्या झाडांखाली पालापाचोळा जाळायला लोकांनी सुरुवात केली, म्हणजे फुलं वेचायला जमीन मोकळी होते. तो धूर मिसळायच्या आत मी पट्ट्या उतरवल्या आणि निकाल सांगायला गेले. सूक्ष्मदर्शकही बरोबर घेतला, पिशवीत गुंडाळून. म्हटलं, माझ्या तोंडावर कशाला, त्यांनी स्वतःच बघावं.

आधी माथ्यावरची दिवसाची पट्टी. बुवांनी डोळा लावला. काळे चमकदार धारेचे कण. जन्मभर ज्या खडकाला भोकं पाडली तो त्यांनी ओळखला. "हा इथी बी आला?" एवढंच म्हणाले.

मावशीचा चेहरा फुलला. "म्हटलं होतं ना मी?"

मग मी माथ्यावरची रात्रीची पट्टी दाखवली. जवळजवळ कोरी. आता बुवांची मान ताठ. आणि मग गावातली रात्रीची पट्टी, मावशीच्या कवेलूवरची, काजळीनं काळी झालेली. ती मावशीनं पाहिली. बराच वेळ डोळा काढला नाही.

"हे काजय माह्या घरचं हाय?"

"तुमच्या एकटीचं नाही मावशी. साऱ्या गावाचं आहे."

"पर त्यात माह्याबी चुलीचं हाय ना."

मी हो म्हटलं. बुवा म्हणाले, "चूल पेटवल्याबिगर कोण रायते व? अन् माह्यासाठीच तं पेटवत होती."

गावातली दिवसाची पट्टी बरीच स्वच्छ निघाली होती, म्हणून मी निकाल दिला. दिवसा गाव चांगलं, रात्री डोंगर चांगला. बुवांनी सकाळी खाली यावं, ऊन उतरलं की, चुली पेटायच्या आधी, दम घेत घेत वर जावं. हवा दिवसा चढते, रात्री उतरते. बुवांनी तिच्या उलट करावं. बोलून झाल्यावर माझ्याच लक्षात आलं की या निकालात नवरा-बायकोला एकत्र रात्र नाही. मावशीच्याही ते लक्षात आलं होतं. तिनं "बरं" म्हटलं, रिकामा डबा उचलला आणि उतरून गेली. मला फार वाईट वाटलं. खरं सांगितल्याचं समाधान असतं म्हणतात. मला ते झालं नाही.

पंधरवड्यानं बरणी बदलायला गेले तर डोंगराचा कारभारच बदललेला. ठाण्यामागच्या कातळाच्या आडोशाला कुडाची खोली उभी. दोरीवर लुगडं वाळत होतं. मावशी रात्रीला वर राहायला आली होती. संध्याकाळी दोघं मिळून चढत, मध्ये तीनदा बसत, सकाळी मिळून उतरत. दुपारी बुवा आपल्या ओसरीवर बसून झिंग्यांची भाजी खात, त्यामुळे तब्येत आणखी सुधारली. गावात चेष्टा व्हायची, म्हातारा-म्हातारी नव्यानं नांदायला लागली म्हणून. एक-दोन शहाण्यांनी हरकतही घेतली की देवीच्या ठाण्यावर बाईमाणसानं रात्री राहू नये. मावशी म्हणाली, "वर माय बसली हाय, थे काय बाईमाणूस नोहे?"

सरांचा डोंगरावरचा निबंध यथावकाश छापून आला. त्यात आलेख होते, तक्ते होते. खवल्याचा उल्लेख नव्हता. मी सुचवून पाहिलं होतं. मग केंद्रानं ते काम आवरलं, बरण्या परत आल्या, मला नागपूरलाच बसवलं. डोंगराची चढण सुटली म्हणून गुडघे सुखावले, पण मी नाही.

सोमाजीबुवा गेले ते ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. छाती ती छातीच होती, हवेनं तिला काही वर्षं वाढवून दिली एवढंच. कळल्यावर मी भेटायला गेले. मावशी खाली, गावातल्या घरी होती. थकली होती, पण मला पाहून तिनं चहा ठेवला आणि आपणहून बोलायला लागली.

"वर रायले गेली ना बाई मी, तं पयले पयले मले झोपच नाई ये. जनमभर याचा खोकला आयकत झोपली. खोकला आला का समजे, हाय माणूस. अन् वर गेलो तं खोकलाच नाई. सारं चूपचाप. मंग मी भिवो. उठून याले हालवो अन् इचारो, जिते हाव ना जी? थो भडके. म्हणे, खोकल्यानं नाई जागवलं तेवढं तू जागवून राहिली. पर रोज सांगे. हाव हाव, म्हणे, झोप."

ती हसली. मीही हसले. बुवांचा चिडका आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"अजून जाग येते," ती म्हणाली. "रोज येते. हात बी जाते बाजूले. आता इचारू कोणाले?"

शेवटच्या एसटीची वेळ झाली होती आणि माझी पिशवी दारात तयार होती. मी चप्पल काढून परत आत गेले आणि म्हटलं, "मावशी, माझं अंथरूण तुमच्याच बाजूला टाका."